वाचक विचारतात : छोट्या शहरातलं नाट्यगृह

या वेळच्या पत्रांत सामुदायिक नाट्यगृह आणि कलाकेंद्र चालवणाऱ्यांचे प्रश्न जास्त आले. त्यातले पाच निवडले आहेत.

प्रश्न : आमचं सभागृह १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे. भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली फरशी. पाचव्या ओळीनंतर संवाद कळत नाहीत आणि माइकचा आवाज वाढवला की आणखी गोंधळ होतो. नवे स्पीकर घ्यावेत का?

उत्तर : सध्या घेऊ नका. सभागृह घुमतंय. घुमणाऱ्या जागेत आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं आणि आधीचं अक्षर विरण्याआधीच पुढचं त्यावर येऊन पडतं.

उपाय किती लागेल ते मोजता येतं. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहाचा नेमका हाच दोष अभ्यासला. खुर्च्यांच्या उशा आत आणून ठेवायच्या आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजायचं, असे त्यांचे प्रयोग होते. त्यातून आलेलं सूत्र आजही चालतं : घुमण्याचे सेकंद = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. शोषण मोजायचं उघड्या खिडकीच्या चौरस मीटरमध्ये, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

तुमचं घनफळ १,२९६ घनमीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून सुमारे ७९० चौरस मीटर होतात, पण गिलावा आणि फरशी आवाज जेमतेम तीन-चार टक्के शोषतात. म्हणजे हाती लागतात साधारण ३०. एक बसलेला प्रेक्षक सुमारे ०.४५ शोषतो, तेव्हा १५० प्रेक्षकांचे ६८. बेरीज ९८, आणि घुमणं जवळजवळ २.१ सेकंद. रिकाम्या तालमीत ते सहा सेकंदांच्या पुढे जातं. नाटकाला हवं ०.८ ते १ सेकंद. एका सेकंदासाठी एकूण २०९ शोषण लागेल, म्हणजे अजून ११० कमी पडतंय. चांगलं पॅनेल पडलेल्या आवाजातला ८५ टक्के शोषतं असं धरलं तर १३० चौरस मीटर पॅनेल लावावी लागतील.

पॅनेल म्हणजे ५० मिलिमीटर जाडीची, दाट ग्लासवूल किंवा रॉकवूलची पाटी. तिच्यावर हवा आरपार जाईल असं, आग न धरणारं कापड ताणायचं आणि पाटीमागे ५० मिलिमीटर पोकळी सोडायची. ही पोकळी वाचवू नका, पुरुषी आवाजाचा खर्ज तिच्यामुळेच आवरतो. अंड्यांचे ट्रे आणि पातळ गालिचे फक्त तीक्ष्ण आवाज खातात. खर्ज तसाच राहतो आणि सभागृह आणखी बोजड वाटू लागतं.

सुरुवात मागच्या भिंतीपासून करा. रंगमंचावरून निघालेला आवाज तिथे आपटून ३६ मीटरचा फेरा मारतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागानंतर नटाच्याच कानावर परत येतो. मग बाजूच्या भिंतींचा वरचा भाग, मग छताचा मागचा अर्धा. रंगमंचालगतचं छत मात्र कडकच ठेवा. नटाचा आवाज मागच्या ओळींपर्यंत तेच पोचवतं. जमलं तर खुर्च्या जाड गादीच्या घ्या. गादीची रिकामी खुर्ची जवळपास माणसाइतकंच शोषते, त्यामुळे तालमीत ऐकलं तेच प्रयोगात ऐकू येतं.

प्रश्न : नटांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. रंगमंच ८ बाय ६ मीटर, लाइट बार (दिवे टांगायचा पाइप) रंगमंचाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर, ५.५ मीटर उंचीवर आहे. दिवे वाढवायचे का?

उत्तर : आधी बार हलवा. डोक्यावरून पडणाऱ्या प्रकाशात भुवईची सावली डोळ्यांवर येणारच. समोरचा प्रकाश साधारण ४५ अंशांनी यायला हवा. नटाचा चेहरा १.६ मीटरवर धरला तर बार त्याच्यापेक्षा ३.९ मीटर वर आहे, म्हणजे तो नटाच्या तेवढाच पुढे हवा. कडेपासून एक मीटर आत उभ्या असलेल्या नटासाठी बार प्रेक्षागृहात जवळजवळ तीन मीटर बाहेर न्या. मागच्या भागासाठी दुसरा बार कडेच्या एक मीटर आत टांगा.

पुढे तीन आणि मागे तीन असे भाग पाडा आणि प्रत्येक भागावर डावीकडून एक, उजवीकडून एक दिवा द्या. एक किंचित उबदार, दुसरा किंचित थंड, म्हणजे चेहऱ्याला गोलाई येते. येल विद्यापीठातले स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली ही पद्धत १२ दिव्यांत बसते. शेजारचे झोत एकमेकांवर चढू द्या, मग एकाला रंगमंचभर सावकाश चालवा. चेहरा जिथे विझतो तिथे फट आहे. आणि प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी केबल हवीच. तिच्याविना एकही दिवा प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगू नये.

प्रश्न : १४ एलईडी दिवे एका ओळीत जोडले आहेत. शेवटचे चार-पाच मधूनच आपोआप लुकलुकतात.

उत्तर : पहिला संशय टर्मिनेटरवर, म्हणजे ओळीच्या टोकाला संकेत संपवणारा प्लग नसण्यावर. डीएमएक्सचा, म्हणजे कन्सोलकडून दिव्यांना हुकूम देणारा, संकेत शेवटच्या दिव्यावरून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. एक्सएलआरच्या (माइकला असतो तशा गोल, पिनांच्या) मेल प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर सोल्डर करा आणि तो प्लग शेवटच्या दिव्याच्या आउटला लावा. बहुतेक वेळा लुकलुकणं तिथेच थांबतं.

थांबलं नाही तर केबल बघा. माइकची केबल बसते, पण ती या कामाची नाही. वाय जोड देऊन (एका केबलच्या थेट दोन करून) फाटा काढला असेल तर तो काढून स्प्लिटर, म्हणजे संकेत नीट वाटून देणारी पेटी, लावा. डीएमएक्सची केबल डिमरच्या (दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) पॉवर केबलला बांधून नेऊ नका. एलईडीची वीजही डिमरमधून देऊ नका, थेट द्या. डिमर वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडतो, त्याने आतलं सर्किट जळू शकतं. दोन दिवे नेहमी एकत्रच हलत असतील तर मात्र तो पत्त्याचा, म्हणजे दिवा ज्या चॅनेलपासून हुकूम ऐकतो त्या नंबराचा, घोळ. आठ चॅनेलचे दिवे असतील तर पत्ते १, ९, १७, २५ असे द्या.

प्रश्न : फरशीवर नृत्याचे वर्ग घेतो. मुलांचे गुडघे आणि नडग्या दुखतात. वर व्हिनाइल अंथरलं तर चालेल?

उत्तर : व्हिनाइलने घसरणं थांबतं, धक्का नाही. खाली लवचीक थर हवा. फरशीवर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर २५ मिलिमीटर जाडीचे दाट फोमचे ठोकळे दर ३० सेंटिमीटरवर, त्यावर १२ मिलिमीटर प्लायचा थर आणि त्याच्यावर आडव्या दिशेने तसाच दुसरा. वरचे सांधे खालच्या सांध्यांवर येता कामा नयेत. दोन्ही थर गोंदाने आणि २० मिलिमीटरच्या स्क्रूंनी एकमेकांना जोडा. जमिनीला मात्र कुठेही ठोकू नका, ठोकलं की झोळ संपला. भिंतीलगत १२ मिलिमीटर फट सोडा, नाहीतर दमट हवेत प्लाय फुगून मधेच उचललं जाईल. पियानो किंवा चाकांची जड लेव्हल (नेपथ्यातला उंच चौथरा) या जमिनीवर न्यायची असेल तर त्या जागी ठोकळे दाट लावा. जमीन पाच सेंटिमीटर उंच होते, म्हणून दारापाशी उतार करा.

प्रश्न : प्रयोग चालू असताना मागचं दार कुलूप लावून ठेवलं तर चालेल का? विनातिकीट लोक शिरतात.

उत्तर : नाही, एका मिनिटासाठीही नाही. दाराला आतून पॅनिक बार, म्हणजे ढकलताच दार बाहेर उघडणारा आडवा दांडा, बसवा. बाहेरून ते दार उघडत नाही, आतून लहान मूलही उघडू शकतं. दारासमोर नेपथ्याचे फ्लॅट किंवा जादा खुर्च्या ठेवलेल्या नाहीत हे प्रत्येक प्रयोगाआधी एका ठरलेल्या माणसाने स्वतः जाऊन, दार ढकलून पाहावं.