भाकरी कमी केली, मग बिल का वाढलं?

प्रश्न : डॉक्टरांनी सांगितल्यावर यजमानांनी पोळी-भात जवळजवळ बंद केला. बदामाचं पीठ, चीज, कीटो (म्हणजे कर्बोदकं, पिष्ट-साखर, अगदी कमी असलेली) बिस्किटं असं आणता आणता किराण्याचं बिल दीडपट झालं. घरात बाकी तिघं नेहमीचंच जेवतात. खर्च कुठे आवरायचा? – गृहिणी, भांडुप

उत्तर : बिल फुगवलंय ते पोळीच्या जागी आणलेल्या वस्तूंनी. गेल्या महिन्याची बिलं घेऊन बसा आणि प्रत्येक वस्तूत १० ग्रॅम प्रथिनं किती रुपयांना पडतात ते काढा. १०० ग्रॅमच्या किमतीला १० ने गुणायचं आणि त्या १०० ग्रॅममधल्या प्रथिनांनी भागायचं. पुढचे भाव हिशेबापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या वाण्याचे घाला.

अंडं ७ रुपयांना धरलं तर त्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे १० ग्रॅमला १२ रुपयांच्या आत. शेंगदाणे १६० रुपये किलो, १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम : साडेसहा रुपये. हाडासकट साफ केलेलं चिकन २४० रुपये किलो, त्यात मांस साधारण ६५० ग्रॅम धरा : १८ रुपयांच्या आसपास. बदाम ९०० रुपये किलो : ४३ रुपये. बदामाचं पीठ याहून महाग पडतं. ते आणि बिस्किटं आधी यादीतून काढा.

थालीपीठ हवंच असेल तर १०० ग्रॅम दाण्याचा कूट, वाटीभर बारीक किसलेला आणि घट्ट पिळलेला कोबी, १ अंडं, १ चमचा इसबगोल, तिखट-मीठ. १० मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात इसबगोल पाणी शोषून पीठ धरून ठेवतं. एवढ्यात ३ थालीपिठं होतात. यात गव्हाचा चिकटपणा नसल्याने मोठी थापली की उलटताना तुटतात, म्हणून तळहाताएवढीच थापा आणि मंद आचेवर खालची बाजू पूर्ण सुटल्यावरच उलटा. दाणे गरम असताना दळले तर कूट तेलकट गोळा होतो. गार करून, मिक्सर थांबवत थांबवत दळा. दाणे एकदम ५ किलो भरू नका. मुंबईच्या दमट हवेत ते खवट होतात, बुरशीही धरते. बुरशी दिसली तर निवडत न बसता सगळे टाका.

पोळीऐवजी ज्वारी-नाचणीची भाकरी कितीही चालते, हा मोठा गैरसमज आहे. त्या पिठांत तंतू भरपूर असतात हे खरं, पण ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच.

स्वयंपाक वेगळा करू नका. दुधी, दोडका, पडवळ, कोबी, वांगी, पालक ही भाजी सगळ्यांसाठी एकच करा, यजमानांच्या ताटात दुप्पट वाढा. दादरला पहाटेच्या घाऊक बाजारात भाजी स्वस्त मिळते, पण फ्रिज लहान असेल तर ३ दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका. पालेभाजी न धुता कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. निम्मी जुडी सडली तर स्वस्ताई तिथेच संपली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. यजमान मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेत असतील तर कर्बोदकं कमी करताच साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळीबरोबर कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा, धोका असतो. डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्या, मग ताट बदला.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. पनीर घरी केलं तर परवडेल का? आणि डाळ खाऊन चालेल ना? – वाचक, बोरिवली

उत्तर : पैशांसाठी म्हणत असाल तर फारसा फरक पडत नाही. ६ टक्के फॅटच्या १ लिटर दुधातून साधारण १८० ते २०० ग्रॅम पनीर निघतं. लिटरचा भाव त्याने भागा, दुकानाच्या भावाजवळच याल. फायदा शुद्धतेचा. दूध उकळलं की गॅस बंद करून मगच २ मोठे चमचे लिंबाचा रस थोडा थोडा घाला. उकळत्या दुधात घातला तर पनीर रबरी होतं. विकतच्या पनीरचा तुकडा उकळून, गार करून त्यावर टिंक्चर आयोडीनचे २-३ थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. वनस्पती तेलाची भेसळ मात्र या चाचणीत कळत नाही.

डाळीतली कर्बोदकं धरावीच लागतात. ४० ग्रॅम कोरड्या तुरडाळीच्या घट्ट वरणात प्रथिनं ९ ग्रॅम, कर्बोदकं २५ ग्रॅमच्या घरात. सगळ्यांत स्वस्त सोयाचे तुकडे : १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं. मिठाच्या पाण्यात ५ मिनिटं उकळून, गार पाण्यात टाकून दोनदा घट्ट पिळा. उग्र वास राहतो तो न पिळल्यामुळे. थायरॉइडची गोळी घेत असाल तर गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

प्रश्न : पावसाळ्यात मासे महागतात, तेव्हा काय करावं? – वाचक, माहीम

उत्तर : १ जूनपासून निदान ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यातच सुकट भरा. जवळा आणि सुके बोंबील साधारणपणे मीठ न लावता वाळवतात. खारा बांगडा रक्तदाब असलेल्यांनी टाळावा. जवळा चाळून, कोरडा भाजून, ३-४ पाण्यांतून धुवा, नाहीतर दाताखाली वाळू येते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, शक्य तर फ्रीझरमध्ये.

ऑगस्टनंतर बांगडा, तारली घ्या. ताज्या बोंबलाचा वाटा स्वस्त दिसतो, पण त्यात बहुतेक पाणीच असतं. तव्यावर तो निम्मा होतो. श्रावणात मागणी घटल्याने चिकन बहुधा उतरतं आणि थंडीत अंडी चढतात, तेव्हा खाण्याचा बेत त्या त्या महिन्यात बदला. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती मुंबईचा १०० अंड्यांचा भाव रोज जाहीर करते. ३० चा ट्रे घेण्याआधी तो पाहून घ्या आणि दुकानदाराला विचारा.