मॉडचा संग्रह टिकवताना

प्रश्न : 'स्कायरिम' या संगणकीय खेळासाठी निवडलेले सुमारे दोनशे मॉड (खेळात बदल वा भर घालणाऱ्या, इतरांनी बनवलेल्या फाइली) मी एकाच झिप फाइलमध्ये भरून मित्रांना दिले. माझ्याकडे ते नीट चालतात, पण काहींकडे खेळ सुरूच होत नाही. काय चुकले असावे?

उत्तर : पहिला संशय खेळाच्या आवृत्तीवर घ्यावा. स्क्रिप्ट एक्स्टेंडर (मॉडना खेळाच्या मूळ क्षमतेपलीकडे जाऊ देणारा पूरक प्रोग्राम) हा खेळाच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेला असतो, आणि नोव्हेंबर २०२१ मधील अद्यतनानंतर त्यावर विसंबलेले असंख्य मॉड एका रात्रीत निकामी झाले होते. म्हणून संग्रहासोबत खेळाची आवृत्ती, प्रत्येक मॉडची आवृत्ती आणि लोड क्रम (खेळ मॉड कोणत्या क्रमाने वाचतो तो) लिहून ठेवावा. संग्रह वाढवणार असाल, तर पूर्ण प्लगइनची (मॉडमधील, खेळ थेट वाचतो त्या फाइलींची) मर्यादा २५४ आहे आणि हलके प्लगइन (त्यांचाच छोटा प्रकार) तीत मोजले जात नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

झिपची पद्धत मात्र सोडावी. दुसऱ्याचे मॉड परवानगीशिवाय पुन्हा वाटणे बहुधा त्याच्या अटींत बसत नाही, आणि खरे सांगायचे तर ते सौजन्यालाही धरून नाही. 'वाबाजॅक'सारखे साधन मूळ फाइली वाटत नाही. ते केवळ मांडणीच्या सूचना व प्रत्येक फाइलचा हॅश (फाइल तीच आहे हे पडताळणारा सांकेतिक ठसा) देते, आणि फाइली मूळ ठिकाणाहूनच उतरवल्या जातात, त्यामुळे कर्त्याचा हक्क शाबूत राहतो आणि सर्वांकडे तंतोतंत तीच मांडणी तयार होते. नवी आवृत्ती देण्यापूर्वी कोऱ्या फोल्डरमध्ये स्वतः एकदा ती बसवून पाहावी, आणि मध्येच मॉड काढल्यास जुन्या सेव्ह फाइली बिघडू शकतात, हे बदलांच्या नोंदीत ठळकपणे लिहावे.