खोटी हजेरी पाहिली, म्हणून निर्यात क्षेत्र सोडावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सोलापुरातील एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात तुम्ही दोन महिने प्रशिक्षणार्थी होता. परदेशी बायरचे, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीचे, ऑडिट (कामगारांना नियमाप्रमाणे वागवले जाते का याची तपासणी) ठरल्यावर दोन रात्री बसून हजेरीची नवी वही लिहिली गेली आणि तिच्यात रविवारी कोणीही कामावर नव्हते असे दाखवले गेले. आंतरराष्ट्रीय व्यापारात एम.बी.ए. करण्याचे तुमचे ठरले आहे, पण या क्षेत्रात प्रामाणिक माणसाला जागा आहे का, असे तुम्ही विचारता. वडील म्हणतात, सगळीकडे असेच चालते, एवढ्यावरून प्रवेश सोडू नकोस.

प्रवेश सोडू नका, असेच मीही सांगेन, पण वडिलांनी दिलेले कारण मला मान्य नाही. असे सगळीकडे चालत नाही, आणि जिथे चालते तिथे ते का चालते हे समजणारी माणसे या क्षेत्राला हवी आहेत.

कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे कामगारहिताचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबरला, तिथे आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या आणि अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले, पण वरच्या मजल्यांवरील शिवणकामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले, कारण मालाची तारीख गाठायची होती. त्या इमारतीतील काही कारखान्यांचेही आधी ऑडिट झालेले होते.

तुम्ही पाहिलेली वही आणि या दोन घटना यांत अंतर मोठे आहे, याची मला जाणीव आहे. तरी मूळ एकच आहे. कारखान्याने कसे वागावे याचे नियम बायरचा एक विभाग लिहितो आणि त्याला किती पैसे व किती दिवस द्यायचे हे दुसरा विभाग ठरवतो. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे एका निर्यातदाराकडे मर्चंडायझर, म्हणजे बायरच्या ऑर्डरी सांभाळणारी, होते. प्रति नग दर कमी करा, असे सांगणारा ईमेल आणि कामगारांना आठवड्याची सुटी मिळालीच पाहिजे, असे बजावणारा ईमेल एकाच बायरकडून एकाच आठवड्यात आलेला मी पाहिला आहे. त्या महिन्यात आमच्याकडेही हजेरीच्या दोन वह्या झाल्या, एक खरी आणि एक दाखवायची. तेव्हा मी गप्प बसले, आणि ते आजही मला टोचते.

म्हणून केवळ कम्प्लायन्स विभागाची, म्हणजे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या विभागाची, नोकरी हे ध्येय ठेवू नका. आधी कॉस्टिंग शीट, म्हणजे ऑर्डरच्या खर्चाचा तक्ता, शिका. सूत, रंगाई, शिलाई, पॅकिंग, वाहतूक यांचा खर्च मांडून झाल्यावर मजुरीसाठी किती उरते, आणि जादा तासांना कायद्याप्रमाणे दुप्पट दर दिला तर ती ऑर्डर परवडते का, हा हिशेब ज्याला करता येतो, त्याच्या नैतिक आक्षेपाला खरेदीच्या बैठकीत वजन येते. राणा प्लाझानंतर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात झालेला बांगलादेश अकॉर्ड हा करार बंधनकारक होता. कारखान्याला सुरक्षितता परवडेल अशाच व्यापारी अटी ठरवण्याची जबाबदारी त्यात ब्रँडवरही टाकलेली होती. अभ्यासक्रमात नसला तरी तो करार मिळवून वाचा.

लाचेचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तोही पुढे येईलच. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणे अमेरिकेने १९७७ मध्ये गुन्हा ठरवले, ब्रिटनने २०१० मध्ये कडक कायदा केला, आणि आपल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने कंपनीलाही जबाबदार धरले. त्यामुळे कायदा जाणणाऱ्या व्यवस्थापन पदवीधरांना इथेही काम आहे. जर्मनीचा पुरवठा साखळीविषयीचा कायदा २०२३ पासून लागू झाल्यावर तिथल्या मोठ्या कंपन्या आपल्याकडच्या पुरवठादारांनाही प्रश्न विचारू लागल्या आहेत.

ऑडिटरचे काम आवडेल असे वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. नवी वही ओळखणे अवघड नसते. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत असतात, प्रत्येक जण बरोबर नऊला आलेला असतो आणि पानांना हात लागलेला नसतो. अनुभवी ऑडिटर मग तुटलेल्या सुयांची वही मागतो. मालात सुईचा तुकडा राहू नये म्हणून शिलाई विभागात प्रत्येक तुटलेली सुई तारखेसह नोंदवतात. हजेरीत सुटी असलेल्या रविवारी तिथे तीन सुया तुटलेल्या असतात.

तुमच्या कारखान्याबाबत सांगायचे तर, तुम्ही स्वतः त्या वहीत काही लिहिले वा सही केली असेल, तर ते तुमच्या महाविद्यालयातील मार्गदर्शकांना आताच सांगा. प्रशिक्षणाच्या अहवालात ऑडिटची स्तुती करू नका. त्या वहीचे फोटो काढले असतील तर समाजमाध्यमांवर टाकू नका. ऑर्डर गेली तर पहिला फटका त्या रविवारी कामावर आलेल्या बायकांनाच बसेल. पुढे नोकरीच्या मुलाखतीत एवढे जरूर विचारा, की कम्प्लायन्स प्रमुखाने नकार दिला तर शिपमेंट थांबते का, आणि शेवटची कधी थांबली होती.