ठेकेदाराकडे वायरमन आहे, कामावर हात भाजला. पगार रोख, लेखी काही नाही. भरपाई मिळेल का, किती?

मिळेल. ठेकेदार 'चूक तुझीच' म्हणतोय ना, म्हणू दे. तुम्ही लिहिलंय की सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत पॅनेलवर फ्लॅश (ठिणगीचा भडका) झाला आणि आता तो म्हणतोय वीस हजार घे आणि मिटवून टाक. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो.

मीही वायरमन. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका शेडचं मेंटेनन्स आमच्या ठेकेदाराकडे होतं. जानेवारी 2020, गड्ड्याचे म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. लाईट गेली होती, मी मेन पाडून पॅनेलमधली जळकी लग (वायरीच्या टोकाची पकड) बदलत होतो. जनरेटरला हात लावू नका असं सांगून ठेवलं होतं. पण लूम म्हणजे माग बंद पडले की मालकाचा जीव वरखाली होतो. कुणीतरी जनरेटर मारला आणि चेंजओव्हर टाकला, म्हणजे जनरेटरची लाईन पॅनेलला जोडली. उजव्या हाताचा अंगठा गेला. सिव्हिलला नेलं, 'कामावर शॉक लागून' अशी एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद) झाली. पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो हाच कागद.

टाके निघायच्या आत काका घरी आले. काकांचं उभं आयुष्य शेडवर जॉबर (मागांवरचा मुकादम) म्हणून गेलं, याच मालकाकडे. सोबत स्टॅम्प पेपर. साठ हजार मिळाले, चूक माझी, यापुढे मालक आणि ठेकेदार दोघांविरुद्ध तक्रार नाही, असा मजकूर. मी म्हटलं, काका, उजव्या हाताला बँडेज आहे, सही कशी करू? तर म्हणाले, "मग अंगठा उठव की. डावा चालतो." आई तिथंच बसली होती, ती उठून आत गेली.

काकांचं म्हणणं एकच. मालक देवमाणूस, बहिणीच्या लग्नाला उचल दिली होती, त्याला कोर्टात ओढलंस तर अक्कलकोट रोडला कुणी दारात उभं करणार नाही. उचल दिली होती हे खरं, पण ती पगारातून कापूनही घेतली होती. काकांच्या हिशोबात हे कापणं कधी येत नाही.

कायदा काय म्हणतो? माझ्यावेळी लागू होता तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 चा. त्याच्या कलम 17 प्रमाणे हक्क सोडून दिल्याचा असला करार रद्दबातल असतो, स्टॅम्प कितीचा का असेना. ठेकेदाराने हात वर केले तर कलम 12 प्रमाणे मूळ मालक भरतो आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करतो. ते त्यांचं ते बघतील. मी दोघांनाही पार्टी केलं. ग्लोव्हज घातले नव्हते हा मुद्दाही निघाला. अहो, दिले होते कुठं? मुद्दाम नियम मोडला किंवा दिलेलं साधन जाणूनबुजून फेकलं हे त्यांना सिद्ध करावं लागतं. नुसता निष्काळजीपणा म्हणून पैसे बुडत नाहीत.

आता आकडा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणक (कायद्यात वयानुसार ठरवून दिलेला आकडा). माझं वय 35, गुणक 197.06. पगार 18,000 होता, पण कायदा 15,000 च्या वरचा पगार धरत नाही. म्हणजे 9,000 गुणिले 197.06, झाले 17,73,540. अंगठ्याला कायद्याच्या परिशिष्टात (कुठला अवयव गेला तर किती टक्के, ही यादी) 30 टक्के, म्हणून 5,32,062. कुठं साठ हजार! समोरच्या वकिलाने 8,000 ची जुनी मर्यादा धरून 2,83,766 काढले होते. 15,000 ची मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून लागू झालेली, आणि माझा अपघात त्यानंतरचा. आमच्या वकिलांनी राजपत्र पुढे ठेवलं, तो विषय तिथंच संपला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि कोर्ट ठप्प झालं. निकाल यायला वर्षं गेली, पण आला, 12 टक्के व्याजासकट.

तुमचा हात भाजलाय, बोटं शाबूत आहेत असं दिसतंय. मग परिशिष्टातली टक्केवारी लागत नाही, कमाईची ताकद किती घटली ते डॉक्टर लिहून देतील. त्यामुळे किती हे मी इथून सांगू शकत नाही. औषधपाण्याचा खरा खर्च वेगळा मिळतो, बिलं फेकू नका. घरी बसलेल्या काळाचे दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के. पगार रोख असला तरी फोनपेवर कधी दोन-चार हजार आले असतील, 'उद्या आठला साईटवर ये' असे मेसेज असतील, सोबतचा हेल्पर असेल. हेल्परला आत्ताच गाठा, महिन्याने तो बोलणार नाही. अर्जाला मुदत दोन वर्षं.

आणि घरातलं कुणी मध्यस्थ होऊन आलं तर चहा पाजा, कागद ठेवून घ्या, सही नको. तो कागदच पुढं दाखवतो की कामाला तुम्ही त्यांच्याकडेच होता. काकांना हे कळलं तेव्हा ते महिनाभर बोलले नाहीत. अजूनही लग्नाकार्यात मला 'कोर्टवाला' म्हणतात. म्हणू देत. अक्कलकोट रोडला कुणी ठेवणार नाही म्हणाले होते; आज तिथल्याच शेडांच्या मोटारी माझ्याकडे वाइंडिंगला येतात, काकांच्या मालकाची सोडून.

दोन गोष्टी राहिल्या. तुमच्या कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होतं. मग हा रस्ता बंद, भरपाई तिकडून घ्यायची. आमच्या शेडवर आठच माणसं, म्हणून मी सुटलो. आणि माझं सगळं जुन्या कायद्याखालचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. टक्के-गुणकाची पद्धत तीच आहे, पण तुमचा अपघात त्यानंतरचा असेल तर अर्ज कुणापुढे करायचा ते वकिलाला विचारून घ्या. माझ्यावेळी कामगार न्यायालयात होता. घटनेच्या वेळी प्यायलेले असाल तर मात्र आधी वकिलाला खरं सांगा, मग बाकीचं.