मिरजेत सोफा-कार्पेट क्लिनिंग चालू केलंय, ३ हजारांच्या आत शाम्पू मारायला कुठला स्प्रेअर घेऊ?

दादा, तुम्ही लिहिलंय की मळकं पाणी ओढायचं मशीन घेण्यातच सगळे पैसे गेले, आता शाम्पू मारायला ३ हजारांच्या आत काहीतरी पाहिजे आणि ऑनलाइन इम्पोर्टेड स्प्रेअरच्या किमती बघून डोकं गरगरायला लागलंय. सरळ सांगतो, आपल्याकडं शेतकरी पाठीवर घेऊन मारतात तो १६ लिटरचा बॅटरीवाला फवारणी पंप घ्या. कोरा घ्या, आणि घरी आणल्या आणल्या त्याचं नोझल बदला. माझं सांगलीत काम याच पंपावर चाललंय, मंगल कार्यालयं, ऑफिसं, घरातले सोफे, सगळं.

इम्पोर्टेड वाईट असतात असं मी म्हणत नाही, चांगलेच असतात, पण त्यांचा एक वायसर गेला तर आठ-दहा दिवस पार्सलची वाट बघत बसायचं आणि तोवर काम बंद. शेतीच्या पंपाचं तसं नाही, मोटर, पाइप, बॅटरी, चार्जर, गनचा खटका, काय पाहिजे ते इथं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, आणि सांगली जिल्ह्यात असं दुकान नसलेलं मोठं गाव सापडणार नाही. धंद्याला स्वस्त म्हणजे ज्याचा पार्ट संध्याकाळपर्यंत हातात येतो ते, मी तरी असंच बघतो.

आता 'कोरा घ्या' हे का म्हणतोय ते नीट वाचा, कारण इथंच मी पोळलोय. सुरुवातीला पैसे वाचवायचे म्हणून चुलत्यांचा द्राक्षबागेतला जुना पंप आणला, खोडाला-ओलांड्याला बोर्डो मारायला वापरायचे तो. साबणानं तीन वेळा धुतला, वास पण येत नव्हता, आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या गालिच्यावर मारला तर जागोजागी निळसर ठिपके. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, त्याचे कण पाइपात आणि नोझलच्या जाळीत चिकटून बसलेले, ते आपल्या शाम्पूबरोबर सुटून आले. अर्धा दिवस त्या ठिपक्यांवर गेला, पूर्ण निघाले नाहीत ते नाहीतच, गिऱ्हाईक चांगलं होतं म्हणून थोडक्यात मिटलं. आणि हे तरी नुसतं मोरचूद, कीटकनाशक असतं तर? ज्या गालिच्यावर लहान पोरं रांगतात, तोंड घालतात, तिथं औषधाचा पंप कितीही धुतलेला असला तरी न्यायचा नाही. मित्राचा आहे, एकदाच वापरलाय, फुकट मिळतोय, काही ऐकायचं नाही.

नोझलचं सांगतो. पंपाबरोबर बहुतेक वेळा गोल फवारा देणारं नोझल येतं, ते पिकाला बरोबर आहे कारण पानाच्या दोन्ही बाजूंना औषध लागलं पाहिजे, पण कार्पेटवर त्यानं मधे कमी आणि कडेला जास्त असं पडतं, शिवाय बारीक धुकं होऊन सगळं तुमच्या नाकात जातं. आपल्याला फ्लॅट फॅन पाहिजे, पंख्यासारखा सपाट पट्टा पडतो तो. दुकानात तणनाशकाचं नोझल म्हटलं की काढून देतात, पण बघून घ्या, पिवळ्या रंगाचं, वर ०२ लिहिलेलं असतं, ते ३ बार प्रेशरला मिनिटाला ८०० मिली सोडतं. कोन ८० अंशाचा असेल आणि गन जमिनीपासून फूट-दीड फूट वर धरली तर पावणेदोन ते अडीच फुटाचा पट्टा एका फेरीत होतो. प्रेशरचा नॉब असलेला पंप घ्या आणि तो कमीच ठेवा, थेंब जरा जाड पडू देत, धुरळा नको.

माल किती लागतो? माझा अंदाज १०० स्क्वेअर फुटाला शाम्पू मिसळलेलं दीड लिटर तयार पाणी, म्हणजे १००० फुटाच्या हॉलला एक टाकी. पण सगळा हॉल एकदम मारून ठेवू नका, ही चूक सगळे करतात. शाम्पूला मुरायला १०-१५ मिनिटं पाहिजेत, आणि एक टाकी संपवायलाच २० मिनिटं तरी जातात, तोवर पहिला कोपरा पंख्याखाली वाळायला लागतो आणि वाळलेला शाम्पू मळ घेऊन परत तिथंच बसतो. पाव हॉल मारा, ब्रश फिरवा, मशीननं ओढून घ्या, मग पुढचा. ज्यूटच्या पाठीचा गालिचा असला तर आणखी कमी मारा, जास्त भिजला की वाळताना तपकिरी डाग वर येतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं तुम्हीच खराब केला.

सांगली-मिरजेत काम करणार म्हणजे लग्नाच्या हॉलमधली हळद तुमच्या नशिबात आहेच. हळदीच्या डागावर नेहमीचा क्षारवाला (अल्कलाइन) शाम्पू पडला की पिवळा डाग क्षणात लालभडक होतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. घाबरू नका, हळदीचा तो गुणच आहे, थोडं पातळ पांढरं व्हिनेगर मारलं की परत पिवळा होतो. पण म्हणूनच आधी हॉलभर फिरून हळद-कुंकवाचे डाग शोधायचे, ते वेगळे हाताळायचे, मग पंप चालवायचा. त्यासाठी १-२ लिटरचे हातानं हवा भरायचे दोन छोटे स्प्रे घेऊन ठेवा, एकात व्हिनेगरचं पाणी, एकात साधं पाणी, वर मार्करनं नाव लिहा. ब्लीच मात्र कुठल्याच स्प्रेमध्ये नको, रंग तर जातोच आणि चुकून व्हिनेगरमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. लोकरीच्या गालिच्याला क्षारवाला शाम्पूच नको, न्यूट्रल वापरा, आणि आधी कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतोय का बघा.

५ लिटरचा हातपंप पण चालतो का, तर फक्त सोफे आणि गाड्या करणार असाल तर चालतो, हजाराच्या आत येतो. हॉल करायचा म्हटलं की दर दोन मिनिटांनी हवा भरून खांदा जातो आणि प्रेशर कमी-जास्त होऊन पट्टे उमटतात. मशीनच्या पाइपला जोडायचे इनलाइन स्प्रेअर असतात त्यांना मोठ्या प्रेशरचं मशीन लागतं, आत्ता तिकडं बघू नका.

पाणी हात बुडवता येईल इतकंच कोमट घाला, उकळतं घातलं की प्लॅस्टिक आणि वायसर दोन्ही जातात. संत्र्याच्या वासाचा सॉल्व्हंटवाला डीग्रीझर, म्हणजे तेलकट डाग काढायचं केमिकल, टाकीत घालू नका, त्यानं रबर फुगतं, ते काम फडक्यानं करा. बोअरचं पाणी टाळा, नळाचं भरून न्या, बोअरच्या क्षारानं नोझलचं भोक बुजतं आणि पट्टा एका बाजूला ओढला जातो. भोक बुजलंच तर तार घालायची नाही, जुन्या टूथब्रशनं साफ करायचं किंवा रात्रभर व्हिनेगरात टाकायचं. आणि काम संपलं की कितीही कंटाळा आला तरी दोन लिटर साधं पाणी टाकीत घालून गनमधून सोडायचं, सकाळी करू म्हटलं की शाम्पू आत वाळून जाळी घट्ट होते.

बॅटरी बहुतेक वेळा १२ व्होल्ट ८ एएचची असते, माझी कमी प्रेशरवर अडीच-तीन तास चालते. ती लेड ॲसिडची असली तर उतरलेली तशीच ठेवू नका, काम नसलं तरी महिन्यातून एकदा चार्ज करा, नाहीतर पावसाळ्यात पडून राहिलेला पंप दिवाळीच्या सीझनला चालूच होत नाही.

डबल मोटरचा पंप घेऊ का असं पण विचारलंत, तो दुकानदार गळ्यात मारतात, पण दुसरी मोटर असते लांब फेकायला आणि जास्त प्रेशरला, आपल्याला प्रेशर कमी करूनच मारायचंय. सिंगल घ्या आणि उरलेल्या पैशात एक जादा नोझल, एक वायसरचा सेट आणि चांगला मास्क घ्या.