एसक्यूएलअल्केमी २.० मध्ये नवीन काय आहे? १.३ वरून तिकडे जावं का?

जा, पण थेट नको. आधी पायथॉनमधून डेटाबेस हाताळणाऱ्या या लायब्ररीच्या १.४ आवृत्तीवर या. तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या तुमच्या टीमकडे १.३ वरचा जुना प्रोजेक्ट आहे आणि डेटाबेस पोस्टग्रेस. आमच्या महापेच्या ऑफिसात अगदी हेच होतं, म्हणून अनुभवातून सांगतो.

२.० जानेवारी २०२३ मध्ये आली. तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा बदल माझ्या मते कमिटचा, म्हणजे डेटाबेसमधले बदल कायम करण्याचा आहे. पूर्वी इंजिनवर (डेटाबेसशी जोडणी सांभाळणारा भाग) सरळ इन्सर्ट (नवी ओळ घालायची आज्ञा) चालवलं की लायब्ररी स्वतःच कमिट करायची. आता करत नाही. आमच्याकडे तुर्भ्याच्या गोदामातली आवक नोंदवणारी एक स्क्रिप्ट होती. २.० वर 'इंजिन.एक्झिक्यूट' राहिलं नाही, म्हणून आम्ही कनेक्शन उघडलं. नुसती स्ट्रिंग चालेना, म्हणून ती 'टेक्स्ट' मध्ये घातली. एरर गेल्या, स्क्रिप्ट रोज बिनतक्रार चालू लागली, आणि दोन दिवसांनी गोदामातून फोन आला की नोंदी दिसत नाहीत. 'इको' (चालणाऱ्या आज्ञा दाखवणारी सोय) चालू करून लॉग पाहिला, तर इन्सर्ट व्यवस्थित झालेलं आणि शेवटच्या ओळीत रोलबॅक, म्हणजे बदल मागे घेतलेला. कमिट न करता कनेक्शन बंद झालं की हेच होणार. 'इंजिन.कनेक्ट' च्या जागी 'इंजिन.बिगिन' लिहिलं, ते काम नीट संपलं की कमिट करतं, आणि प्रश्न मिटला.

तरी हा बदल मला मनापासून पटतो. पूर्वी आमच्याकडे बिल नोंदलं जायचं, पुढचं इन्सर्ट फसायचं आणि बिलातल्या वस्तूंचा पत्ता नसायचा. आता दोन्ही एका 'बिगिन' मध्ये असतात. झालं तर दोन्ही होतं, नाहीतर काहीच नाही.

दुसरा फायदा वेगाचा. ओआरएममधून (टेबलातल्या ओळी पायथॉनच्या ऑब्जेक्टसारख्या वापरू देणारा भाग) हजारो ओळी घालताना प्रत्येक ओळीची नवी आयडी परत हवी असते, म्हणून पूर्वी एकेक इन्सर्ट जायचं. आता रिटर्निंगच्या (घातलेल्या ओळींची माहिती लगेच परत देणारी डेटाबेसची सोय) मदतीने एका इन्सर्टमध्ये साधारणपणे हजार ओळींपर्यंत जातात. तुमचं पोस्टग्रेस आहे, त्यामुळे हे आपोआप मिळेल. मायएसक्यूएलमध्ये रिटर्निंगच नाही, तिथे हा लाभ नाही.

नवीन 'मॅप्ड' पद्धतीची मॉडेल्स (टेबलांचं वर्णन करणारे क्लास) छान आहेत, एडिटरला टाइप कळतात. पण घाईने बदलू नका, जुना 'कॉलम' चालतो. 'कॉलम' मध्ये काही सांगितलं नाही तर नल, म्हणजे रिकामी किंमत चालते. 'मॅप्ड' मध्ये नुसता स्ट्रिंग टाइप लिहिला की तो कॉलम नॉट नल होतो. नल हवं असेल तिथे 'ऑप्शनल' लिहायला विसरू नका, नाहीतर अलेम्बिक (टेबलांच्या रचनेतले बदल डेटाबेसवर नेणारं साधन) पुढच्या मायग्रेशनमध्ये तो बदल काढून दाखवेल. 'सेशन.क्वेरी' सुद्धा अजून आहे, ते हळूहळू 'सिलेक्ट' वर न्या.

१.४ वर आल्यावर 'एसक्यूएलअल्केमी_वॉर्न_२०' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा आणि सगळ्या टेस्ट चालवा. २.० मध्ये जे मोडणार आहे त्याच्या वॉर्निंग तिथेच दिसतील. कमिटची वॉर्निंग आली की ती सर्वांत आधी हातात घ्या, आणि स्क्रिप्ट चालवून झाल्यावर वेगळ्या कनेक्शनवरून टेबलातल्या ओळी मोजून बघा.