लेझर १९६० साली तयार झाला, मग आता त्यात संशोधन करायला उरलंय काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, ऑप्टिक्स मनापासून आवडतं, पण घरचे म्हणतात की लेझर आता जुना झाला, त्यात नवं काय निघणार, त्यापेक्षा कोडिंग शिक. मी एका पदवी कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. त्याआधी काही वर्षं लेझरच्या लॅबमध्ये काढली आहेत, तेवढ्या अनुभवावर लिहिते.

घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेझर चालवला, आणि त्यामागचं तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्येच मांडलं होतं. लेझरचा प्रकाश कसा मिळवायचा हे तेव्हापासून ठाऊक आहे. आज लोक झटतायत ते त्या प्रकाशातली खरखर कशी घालवायची यासाठी. इंग्रजीत ज्याला नॉइज म्हणतात ती. क्वांटम ऑप्टिक्समधलं मला आवडणारं बहुतेक काम फिरून फिरून या एका गोष्टीपाशी येतं.

आमच्या लॅबची मागची भिंत आणि रेल्वेचे रूळ यांच्यात एक गल्ली आहे, बस. टी.वाय.च्या मुलांना मायकेलसन इंटरफेरोमीटर लावून देते. हीलियम-निऑन लेझरचा लाल बीम अर्धपारदर्शक आरशावर दुभंगतो, दोन आरशांवरून परत येतो आणि पडद्यावर एकात एक गोल कडी दिसतात. प्रकाशाची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. म्हणजे एक आरसा ३१६ नॅनोमीटर सरकला की मधलं एक कडं गिळलं जातं. केसाच्या जाडीचे दोनेकशे भाग करा, त्यातला एक. मुलगी स्क्रू फिरवत कडी मोजत असते, चाळीस, एकेचाळीस, आणि मागून फास्ट लोकल येते. कडी आधी थरथरतात, मग नुसता लाल धब्बा. "मॅडम, गेलं." पुन्हा एकपासून.

उपाय म्हणून आम्ही टेबलावर स्कूटरच्या अर्ध्या फुगवलेल्या चार ट्यूब ठेवल्या आणि त्यांवर कडप्प्याची जाड लादी टाकली. आता स्लो लोकल कळतसुद्धा नाही. फास्ट अजून कळते.

समजा रात्री दीड वाजता प्रयोग केला, शेवटची गाडी गेलेली, पंखे बंद, कोणी चालत नाही. तेव्हा तरी सगळं शांत होईल? नाही होत. कारण आता प्रकाश स्वतःच खडखडतो. पत्र्याच्या छपराखाली ज्यांनी पावसाळे काढले आहेत त्यांना हे पटकन समजेल. मुसळधार पाऊस एकसंध घोंगावतो, पण भुरभुर असली की थेंब वेगळे ऐकू येतात, आणि ते ठरावीक अंतराने पडत नाहीत. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, तेही तसेच येतात. एका क्षणात सरासरी शंभर यायचे असतील तर कधी नव्वद येतात, कधी एकशेदहा. चढउतार वर्गमूळाइतका. दहा हजार असतील तर चढउतार शंभरचा, म्हणजे दहा टक्क्यांची खरखर एक टक्क्यावर आली. याला शॉट नॉइज म्हणतात. यात यंत्राचा दोष नाही. प्रकाश कणाकणाने येतो, त्याची ही किंमत.

मग प्रकाश वाढवत न्यावा, असं वाटेल. कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जे तरंग उठतात त्या गुरुत्वीय लहरी. त्या टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने तेच केलं. तीसुद्धा मूळची आमच्या टेबलावरचीच मांडणी, फक्त एकेक हात ४ किलोमीटरचा आणि त्यात घुमणारी लेझरची शक्ती शेकडो किलोवॅट. १४ सप्टेंबर २०१५ ला त्यांनी पहिली लहर पकडली तेव्हा हातांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांशाच्या घरातला होता. पण एका हद्दीनंतर प्रकाश वाढवणं अंगाशी येतं. फोटॉन आरशावर आपटतात, आणि तेही अनियमित, त्यामुळे आरसाच हलायला लागतो. तिथले आरसे ४० किलोचे आहेत. २०२० मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवून दिलं की प्रकाशाची ही क्वांटम खरखर ४० किलोच्या आरशालाही हलवते. किती? मीटरचे एकावर वीस शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकं. मी हा निकाल वर्गात सांगते तेव्हा दर वेळी माझ्याच अंगावर काटा येतो.

कमी प्रकाश असला तरी खरखर, जास्त असला तरी खरखर. यातून वाट काढली ती स्क्वीझ्ड लाइटने. हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा नियम असं म्हणत नाही की प्रकाशाच्या प्रत्येक गुणातली अनिश्चितता सारखीच राहिली पाहिजे. कापसाची गादी एका जागी दाबली की कापूस शेजारी सरकतो. तसंच प्रकाशाच्या फेजमधली, म्हणजे लहर कुठल्या टप्प्यावर आहे यातली, अनिश्चितता दाबायची आणि ती तीव्रतेत जाऊ द्यायची, किंवा उलट. प्रत्यक्षात हे एका खास स्फटिकात होतं. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा फोटॉन आत जातो आणि त्याचे १०६४ नॅनोमीटरचे दोन अवरक्त फोटॉन होतात. जुळे असल्यामुळे ते एकमेकांना धरून बाहेर पडतात, आणि पावसाची ती बेशिस्त तेवढ्यापुरती कमी होते.

कार्लटन केव्ह्ज यांनी ही कल्पना १९८१ मध्ये मांडली. १९८५ मध्ये बेल लॅब्जमध्ये असा प्रकाश पहिल्यांदा तयार झाला. लायगोच्या नियमित निरीक्षणात तो आला २०१९ मध्ये, आणि त्यामुळे अशा अवकाशातल्या टक्करी सापडण्याचं अपेक्षित प्रमाण एका डिटेक्टरवर पन्नास टक्क्यांपर्यंत वाढलं. अडतीस वर्षं का लागली? कारण हा प्रकाश गळती अजिबात सोसत नाही. वाटेतल्या आरशांत, भिंगांत जितके फोटॉन हरवतील तितकी साधी खरखर त्यांच्या जागी येऊन बसते. धूळ, लेपातला दोष, किंचित तिरका कोन, सगळं भोवतं. माझा स्वतःचा एक अख्खा पावसाळा अशा गळतीमागे गेला. रोज थोडा थोडा प्रकाश कमी भरत होता. शेवटी एका भिंगाच्या कडेला बुरशीची जाळी सापडली, टॉर्च तिरका धरला तेव्हाच दिसणारी. शनिवार-रविवार डीह्युमिडिफायरची बादली भरून यंत्र बंद पडायचं आणि मुंबईची हवा आपलं काम करायची. मी तेव्हा रडले होते. पण मोजमाप म्हणजे काय ते मला त्या बुरशीने शिकवलं.

आता लायगोचा एक डिटेक्टर आपल्याच राज्यात येतोय, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका, इंदूरची आरआरकॅट, गांधीनगरची आयपीआर या संशोधन संस्था आणि आपल्या मुंबईतलं अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय मिळून ते उभारणार आहेत. जागा निवडताना जमीन शांत हवी ही मोठी अट होती. अमेरिकेत लिव्हिंग्स्टनच्या डिटेक्टरला जवळून जाणाऱ्या मालगाडीचा त्रास होतो. म्हणजे आमच्या लॅबचंच दुखणं, मोठ्या प्रमाणावर. हा डिटेक्टर चालू होईल तेव्हा तिथे लेझर जाणणारी माणसं लागतील, आणि ती आज तुमच्या वयाची आहेत.

मुंबईतच बघायचं तर पवईला आयआयटीत हिऱ्यांवर काम चालतं. हिऱ्याच्या जाळीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी, अशी खोट असली की हिरवा प्रकाश टाकल्यावर ती लाल चमकते. २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह दिल्या की चमक उतरते, आणि चुंबकीय क्षेत्र असेल तर ज्या फ्रिक्वेन्सीला चमक उतरते ती फ्रिक्वेन्सी सरकते. म्हणजे अणूएवढं होकायंत्र हाती आलं, तेही खोलीच्या तापमानाला. चिपमधल्या तारांतून वाहणारा करंट बाहेरून बघता यावा यासाठी आयआयटी आणि टीसीएस यांनी २०२४ मध्ये हात मिळवले. बीकेसीच्या हिरे बाजारात ज्या खोटीने भाव पडतो, तिच्यावर इथे लोक पीएच.डी. करतात. राष्ट्रीय क्वांटम मिशन, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेलं, ६००३.६५ कोटींचं, त्यातलं सेन्सिंगचं केंद्रही आयआयटी मुंबईकडेच आहे.

कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत दुसरं टोक आहे: शंभर टेरावॅटच्या घरातले, काही फेमटोसेकंदांत संपणारे स्पंद घन पदार्थावर मारायचे आणि तयार झालेल्या प्लाझ्मातली प्रचंड चुंबकीय क्षेत्रं मोजायची. असे स्पंद आधी ताणून, मग वाढवून, मग पुन्हा दाबून बनवतात; या युक्तीसाठी डोना स्ट्रिकलंड आणि जेरार म्यूरू यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आपल्याकडची परंपरा तशी जुनी आहे. साठच्या दशकातच ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात सेमीकंडक्टर लेझर तयार झाला होता आणि त्याच्या प्रकाशावरून ट्रॉम्बे ते कुलाबा संदेशही पाठवले गेले. आज एवढ्या इमारतींमधून ती सरळ रेषा मिळेल का, असं मला गाडीत बसून अनेकदा वाटतं.

फोटॉनिक्सबद्दल, म्हणजे प्रकाश वापरून संदेश आणि माहिती हाताळण्याच्या तंत्राबद्दल, एकच सांगते. वर्सोव्याला समुद्राखालच्या केबल किनाऱ्याला लागतात, तुमचा हा प्रश्नही कदाचित अशाच काचेच्या तंतूतून गेला असेल. चांगल्या फायबरमध्ये १०० किलोमीटरनंतर शंभरातला एक फोटॉन उरतो. साध्या इंटरनेटला त्याचं काही वाटत नाही, वाटेत एर्बियमचे अँप्लिफायर प्रकाश वाढवत राहतात. एकेका फोटॉनवरून जाणाऱ्या क्वांटम संदेशाला मात्र ही सोय नाही, कारण एकट्या फोटॉनची नक्कल करता येत नाही आणि अँप्लिफायर स्वतःची खरखर मिसळतो. म्हणून २०२५ मध्ये साउदम्प्टनच्या गटाने पोकळ गाभ्याचा, किलोमीटरला ०.०९१ डेसिबल गळतीचा फायबर दाखवला तेव्हा मी तो शोधनिबंध दोनदा वाचला. त्यात १०० किलोमीटरनंतर शंभरातले बारा उरतात. एकाचे बारा!

कोडिंगचं म्हणाल तर जरूर शिका. आमच्याकडच्या सगळ्या लॅब पायथनवर चालतात. पण त्यासोबत फूरियेचं गणित आणि संभाव्यता पक्की करा, कारण खरखरीची भाषा तीच. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम बी.एस्सी.च्या मुलांसाठीच आहे, त्याला अर्ज करा. टीआयएफआरच्या उन्हाळी प्रकल्पांवरही लक्ष ठेवा. घरच्यांना हिंगोलीचं सांगा, जवळचं नाव ऐकलं की ऐकून घेतात.

आणि कॉलेजातला इंटरफेरोमीटर कपाटात पडून असेल तर सरांना विचारून बाहेर काढा. कडप्पा स्वयंपाकाच्या ओट्याचं काम करणाऱ्याकडे तुकड्यात मिळतो. ट्यूबमध्ये हवा अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच आत जाईल इतकीच भरा; जास्त भरली तर लोकल पुन्हा दिसायला लागेल.